वायफाय मेलं नव्हतं, फाइल नव्हती!

मागे माझ्या मावसभावाने जुन्या लॅपटॉपवर डेबियन ११ टाकलं आणि वायफाय गायब. दुकानदार म्हणाला, "कार्ड गेलंय, नवीन टाकावं लागेल." खरं तर कार्ड ठणठणीत होतं. मग घोळ कुठे होता?

बघा, वायफायच्या चिपमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्याला चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. बऱ्याच चिपमध्ये ते कायमचं साठवायची सोयच नसते. लॅपटॉप बंद केला की पाटी कोरी! म्हणून दर वेळी सुरू करताना ड्रायव्हरला ते चिपमध्ये नव्याने भरावं लागतं.

पण ड्रायव्हरला ते सापडतं कसं? तो इंटरनेटवर शोधत नाही. आधी चिप कुठली ते ओळखतो. तिला लागणाऱ्या फाइलचं नाव त्याच्या कोडमध्येच असतं. ते नाव तो लिनक्सच्या कर्नलला देतो. कर्नल 'लिब'मधल्या 'फर्मवेअर' फोल्डरमध्ये बघतो: आधी 'अपडेट्स', मग चालू कर्नलच्या व्हर्जनचं सबफोल्डर, शेवटी मुख्य फोल्डर. नावात एक अक्षर चुकलं तरी फाइल मिळणार नाही. मग लॉगमध्ये येतं, एरर मायनस २. म्हणजे, "अशी फाइलच नाही."

आमच्याकडे हेच झालं होतं. अशा बऱ्याच फर्मवेअरचा सोर्स कोड खुला नसतो, म्हणून डेबियन ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये देत नसे. २०२२ मध्ये त्यांच्या डेव्हलपर्सनी मतदान करून हे बदललं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबत येतं. आम्ही टाकलेलं होतं जुनं!

आता गंमत अशी, की फाइल उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ती फाइल! इथे फोन कामी आला. केबल लावली, यूएसबी टेदरिंग सुरू केलं. त्याला वेगळं फर्मवेअर लागत नाही. सेटिंगमध्ये 'नॉन-फ्री' विभाग जोडला, पॅकेज टाकलं, रीस्टार्ट केलं. वायफाय हजर!

तर मंडळी, नवीन कार्डाचे पैसे मोजण्याआधी टर्मिनल उघडा, 'सुडो डीमेसेज' चालवा (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) आणि 'फर्मवेअर' शब्द शोधा. कोणती फाइल हवी, ते बहुतेक वेळा मशीन स्वतःच सांगतं. आपण फक्त वाचायचं. भेटू पुढच्या भागात!