रस्त्याकडेची झाडं वाचवूया

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. बोर्ली पंचतनच्या परिसरात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, जुने वृक्ष उन्मळले. नारळ, पोफळ काही वर्षांत पुन्हा धरतात; शंभर वर्षांचा आंबा तसा परत येत नाही. म्हणूनच रस्त्याकडेची जी झाडं वादळातून वाचली, ती माणसाच्या हातून जाणं मला अक्षम्य वाटतं.

चोरटी तोड दरवेळी कुऱ्हाडीनंच होते असं नाही. बुंध्याची साल गोल सोलतात, मुळाशी आग लावतात. पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. ती वाट तुटली की मुळं उपाशी राहतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. मग ‘धोकादायक’ म्हणून ते पाडलं, तरी कुणी हरकत घेत नाही.

आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ, खैर ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जमिनीतलं असलं, तरी परवानगीविना तोडता येत नाही. सरकारी रस्त्याकडेचं झाड तर सगळ्यांचं. समोर घर किंवा दुकान आहे म्हणून ते कुणाचं खासगी होत नाही.

सोललेली साल किंवा बुंध्याशी राख दिसली, तर झाड वाळायची वाट पाहू नका. फोटो काढा, ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा.