भाडेकरू आपला, घरमालकही आपलाच

माझ्या भाषणाला दहा मिनिटं आहेत आणि नंतरच्या नाटकाला अडीच तास. तेव्हा मराठी बाण्याचं कौतुक आज गाळतो.

कॅनडात नव्या माणसाला सरकार हात देतं, असं आपण गावाकडच्या नातेवाइकांना ऐटीत सांगतो. खोटं नाही. इंग्रजीचे फुकट वर्ग आहेत, नोकरीचा अर्ज लिहायला शिकवणारी माणसं आहेत. पण केंद्र सरकारच्या पैशावर चालणारी ही सोय सर्वसाधारणपणे पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, मिळालेल्यांना आणि आश्रय मिळालेल्या निर्वासितांना. स्टडी परमिटवरचं पोर आणि वर्क परमिटवरचा कामगार दाराबाहेर. ज्याचं बस्तान बसलेलं नाही, त्यालाच म्हणायचं, आधी बस्तान बसव, मग ये!

सरकारला नावं ठेवायला मला आवडतं. आज मात्र माझं भांडण तुमच्याशी, आपल्या मराठी मंडळाशी आहे.

ऑन्टारिओतल्या ब्रॅम्प्टनमधलं एक बेसमेंट मी पाहिलंय. दोन खोल्या, जमिनीवर सहा गाद्या, फर्नेसला टेकवलेल्या बॅगा. मुलं जळगाव-लातूरकडची. २०२४च्या जानेवारीत, स्टडी परमिटसाठी, फी सोडून, खर्चाला म्हणून दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५वर गेली. यांच्या बापांनी ती कर्ज काढून उभी केलेली. त्यात सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासांवर काम करायचं नाही. या मुलांकडून घरमालकाने पहिल्या महिन्याचं भाडं घेतलं, शेवटच्या महिन्याचंही घेतलं आणि वर 'डॅमेज डिपॉझिट'ही उकळलं. ऑन्टारिओत २००६च्या भाडेकरू कायद्याने असं डिपॉझिट घेता येत नाही. मुलांना हे ठाऊक नव्हतं. मालकाला असावं, पावती दिली नव्हती म्हणून म्हणतो. आणि हा मालक कोण? गणपतीच्या आरतीला तबक धरून पहिल्या रांगेत उभा राहणारा. नाव विचारू नका. सभागृहात काही माना खाली गेल्यात, तेवढं पुरे.

दुसरी तऱ्हा हॉटेलवाल्यांची. किमान वेतनाहून कमी पैसे, तेही रोखीत, आणि 'तुझ्या पेपरचं मी बघतो' हे गाजर. अहो, किमान वेतन व्हिसा बघून ठरत नाही! परदेशी कामगाराकडून नोकरी लावण्याचे पैसे घेणं, त्याचा पासपोर्ट ठेवून घेणं, दोन्ही इथे बेकायदा आहे.

आणि आपलं मंडळ? विद्यार्थ्याला तिकिटात सवलत देतं, मतदानाचा हक्क देत नाही. खुर्च्या मात्र तोच लावतो. 'ही पोरं एजंटाच्या नादी लागली, त्याला आम्ही काय करणार?' हेही मी ऐकलंय. लागली असतील. म्हणून त्यांना लुटायचा परवाना मिळाला का तुम्हाला?

तेव्हा ठराव मांडतो. दर शनिवारी सकाळी मंडळाने एक खोली उघडी ठेवावी. आपल्यात वकील आहेत, अकाउंटंट आहेत, निवृत्त मास्तर तर ढिगाने आहेत. त्यांनी भाडेकरार वाचून समजवावा, पगाराची चिठ्ठी तपासावी, तक्रारीचा अर्ज भरायला शेजारी बसावं. विद्यार्थ्यांना मतदानासह सभासदत्व द्यावं. आणि बेकायदा डिपॉझिट घेणाऱ्याला कार्यकारिणीत जागा नसावी. पैसे कुठून आणायचे? पुढच्या वर्षी पुण्याहून एक नाटक कमी आणा.

अनुमोदनाला खजिनदार उभे राहतील अशी माझी अपेक्षा नाही. दुसरं कोण उभं राहतंय?