जुनी मोटार : जपावी की नवी करावी?



गुढियारीतील आपल्या एका सभासदांच्या दारी वडिलांची १९६८ सालची फियाट आहे. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली. रंग विटलेला, पण मूळचा. चिरंजीव म्हणतात, नवा चढवू. माझे मत निराळे आहे. ब्रेक, रबरी नळ्या, विजेच्या तारा अवश्य बदलाव्यात. तेथे भावनेला थारा नको. पत्र्याला भोके पडली असती, तर रंगालाही मी संमती दिली असती. परंतु हा पत्रा शाबूत आहे. एकदा खरवडला की कारखान्याचा हात कायमचा पुसला जाईल. नवा रंग काय, दहा वर्षांनीही देता येतो! २०२१ च्या केंद्रीय नियमांनीसुद्धा पन्नास वर्षांवरील गाडीच्या 'व्हिंटेज' नोंदणीसाठी मूळ स्वरूपाचीच अट घातली आहे. राहिली चालकाच्या आसनाची झिजलेली कड. ती वडिलांनी झिजवली आहे; तिला हात लावू नये.