गादी कोरडी तर पिल्लू हसरं



या व्यासपीठावर या आठवड्यात संतसाहित्य झालं, इतिहास झाला. आज मी कोंबडीच्या पिल्लांच्या विष्ठेवर बोलणार आहे. जेवून आला असाल तर क्षमा करा. पिल्लाला काही 'पोटात कुठं दुखतं?' असं विचारता येत नाही, त्यामुळे आम्हाला खालीच बघावं लागतं.

एका जुलैत बचत गटातल्या एक ताई पाटीत मेलेली पिल्लं घेऊन आल्या. वय चार आठवडे. "डॉक्टर, काल संध्याकाळपर्यंत दाणे टिपत होती हो." एक पिल्लू उघडलं. कोंबडीला शेवटाकडे दोन आंधळी आतडी असतात; ती जांभळासारखी काळपट फुगली होती, आत रक्ताच्या गुठळ्या. मी विचारलं, पाण्याचं भांडं कुठं ठेवता? "कोपऱ्यात. तिथलं तूस जरा ओलं राहतं, एवढंच." निदान त्या 'एवढंच'मध्ये होतं.

ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी ती घडवतो. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून त्याच्या अंडपेशी बाहेर पडतात, पण ताज्या अंडपेशी कुणाला बाधत नाहीत. त्यांना मटकीसारखे मोड यावे लागतात. मटकीला काय लागतं? ओल, ऊब, हवा. यांनाही तेच लागतं, आणि एक-दोन दिवस. पावसाळ्यातलं ओलं तूस म्हणजे फडक्यात बांधलेली मटकीच. मोड आलेली अंडपेशी पिल्लानं टिपली की ती आतड्याच्या अस्तरात शिरते, एकीच्या हजारो होतात, अस्तर फाटतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी रक्त दिसतं. फिनेल शिंपडून या अंडपेशी मरत नाहीत. कवच चिवट असतं. कोरडेपणा आणि आच मात्र त्यांना सोसत नाही.

रक्त दिसायच्या आधीच पिल्लू सांगत असतं. पंख पाडून, पिसं फुलवून कोपऱ्यात पेंगतं, खाद्य कमी होतं, तुरा फिका पडतो. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात हे दिसलं की खाली वाकून बघा. मात्र अधूनमधून पडणारी तपकिरी, चिकट, फेसाळ विष्ठा आंधळ्या आतड्यांचीच असते आणि निरोगी असते. ती बघून घाबरलेली माणसं मला रात्री फोन करतात!

पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली पांढरी, गुदद्वाराशी चिकटणारी हगवण वेगळी. ती साल्मोनेला पुलोरमची असू शकते आणि आईकडून अंड्यातूनच येते, म्हणून पिल्लं तपासलेल्या कळपाचीच घ्यावीत. पण प्रवासात गारठलेल्या पिल्लालाही असंच चिकटतं. कोमट पाण्यानं पुसा, ब्रूडरची, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या सोयीची, ऊब तपासा.

आता औषध. अँप्रोलियम पाण्यातून देतात. त्याची गंमत अशी की ते दिसायला ब-१ जीवनसत्त्वासारखं असतं. परजीवी फसतो आणि उपाशी राहतो. आपली माणसं काय करतात? पिल्लं अशक्त दिसतात म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घालतात! म्हणजे शत्रूला उपाशी ठेवायचं आणि मागच्या दारानं ताट वाढायचं. टॉनिक औषधाचा कोर्स संपल्यावर द्या. मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

एक गोष्ट अनेकांना पटत नाही. अंडपेशी शून्यावर आणायच्या नसतात. थोड्या पोटात गेल्या तर पिल्लाला प्रतिकारशक्ती येते. जाळीवर वाढवलेली पिल्लं उशिरा जमिनीवर सोडली की एकदम आजारी पडतात, त्याचं कारण हेच. तेव्हा झगडा ओलीशी आहे. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवा, म्हणजे पाणी सांडत नाही. जमिनीवरची तुसाची गादी रोज खाली-वर करा, ओला गोळा दिसला की उचलून बाहेर टाका, गर्दी करू नका आणि छताची गळती मृगाच्या आधी काढा. त्या ताईंनी पुढच्या खेपेला भांड्याखाली विटा ठेवल्या. खर्च म्हणाल तर दोन विटांचा.

या टेबलावर दोन पुड्यांत तूस ठेवलं आहे, एक चांगल्या गादीचं, एक बिघडलेल्या. मुठीत दाबून बघा: दाब सोडल्यावर ज्याचा लाडू टिकतो ते ओलं, जे विस्कटतं ते ठीक. हात धुवायचा साबण दाराशी ठेवलाय.