ताकद सुईत नसते



बिंदुसरेच्या धरणाजवळचं पाली घ्या, नाहीतर बीड जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव. दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : “डॉक्टर, गोळ्या राहू द्या, सुई टोचा.” सुई जालीम आणि गोळी साधी, हा आपला पक्का समज. तो तपासायला आपल्या मराठवाड्यातलंच एक औषध बघू.

ऊसतोडीत कोयता पायाला लागतो. मधुमेह्याला चप्पल चावते, ते कळतही नाही. अशा जखमेत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू शिरतो. त्याच्या काही जाती नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. त्यांना एमआरएसए म्हणतात. त्यांच्यावर छत्रपती संभाजीनगरच्या वोक्हार्ट संशोधन केंद्रात लिव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन हे इंजेक्शन विकसित झालं. 2020 साली त्याला भारतात मान्यता मिळाली. 800 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, शिरेतून. जंतूच्या डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम ते अडवतं, मग जंतू मरतो. पू साचलेल्या आम्ल जागेतही ते काम करतं.

आता गंमत ऐका. याच औषधाची गोळीही त्याच वर्षी मान्य झाली. पोटात गेल्यावर तिचं शरीरात तेच औषध बनतं. म्हणजे जंतूला मारणारं औषध एकच, वाट तेवढी वेगळी.

मग सुई कधी लागते? रुग्णाला उलट्या होत असतील, शुद्ध हरपत असेल, संसर्ग रक्तात पसरून रक्तदाब उतरत असेल तेव्हा. जेंटामायसिनसारखी काही औषधं आतड्यातून रक्तात जातच नाहीत, तीही टोचावीच लागतात. रुग्ण असा अत्यवस्थ असेल तेव्हा तासातासाला महत्त्व असतं. थेट जिल्हा रुग्णालय गाठावं. रुग्ण सावरला, खाऊ-पिऊ लागला, की डॉक्टर बऱ्याचदा गोळीवर आणतात. ते उपचार कमी करणं नव्हे.

साध्या सर्दी-पडशाला मात्र अँटिबायोटिकची सुईही नको आणि गोळीही नको. ते विषाणूंचं काम, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. उगाच घेतलेल्या प्रत्येक डोसातून चिवट जंतू तेवढे वाचतात आणि वाढतात. नवं अँटिबायोटिक तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात, ते निकामी व्हायला तेवढी लागत नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी सुई मागण्याऐवजी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : हा जंतूंचाच संसर्ग आहे का? पू किंवा रक्त तपासायला पाठवायचं का? औषध किती दिवस घ्यायचं?