तोंडातील न भरणारी जखम



अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे शेतकऱ्यांचे गाव. कापूस वेचताना, उसाला पाणी देताना चुना-तंबाखू मळून दाढेखाली धरावयाची, ही मराठवाड्यातील शेताशिवारांतील जुनी सवय. वडीलधाऱ्या स्त्रिया मिश्री लावतात. तरुण मुले सुपारी व गुटखा चघळतात. ही सवय किरकोळ वाटते. परंतु आपल्याकडील तोंडाच्या कर्करोगाचे मूळ बहुतांशी तिच्यातच आहे.

डोके व मान यांचा कर्करोग म्हणजे मेंदूचा रोग नव्हे. ओठ, जीभ, गाल, हिरड्या, घसा, स्वरयंत्र, नाक व लाळग्रंथी यांच्या कर्करोगांना मिळून हे नाव आहे. हा रोग स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. चुन्यामुळे गालाचे नाजूक अस्तर पोळते आणि तंबाखूतील विष त्यात मुरते. तंबाखूविरहित सुपारीही निर्धोक नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तिला कर्ककारक ठरविले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु कायद्याला घराघरातील सवयीचीही साथ हवी. बिडी आणि दारू या दोहोंची जोड मिळाली, की धोका कितीतरी वाढतो.

हा रोग बहुधा सूचना देऊन येतो. तोंडात न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट न सोसणे, तोंडात आपली तीन बोटे उभी न मावणे, या पूर्वखुणा होत. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, बसलेला आवाज, गिळताना त्रास, मानेतील गाठ, एकाच कानात ठणका, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे. आरंभी जखम दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो. “वेचणी उरकू द्या, मग पाहू,” असे म्हणता म्हणता रोग मानेतील गाठींपर्यंत पोहोचतो.

वेळेवर केलेल्या तपासणीचे फळ केरळात दिसून आले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन केवळ प्रकाशात तोंडे तपासली. तंबाखू वा दारूचे व्यसन असलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. तोंडाच्या प्रारंभिक कर्करोगात पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतील गाठीही काढल्यास तीन वर्षांनंतर शंभरांपैकी ८० रुग्ण हयात राहिले. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६७ होते.

तुकडा काढून तपासल्याने किंवा शस्त्र लागल्याने कर्करोग पसरतो, हा समज निराधार आहे. त्या तपासणीवाचून निदान होत नाही. शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे हे यावरील उपचार होत. प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात तोंड दाखवावे. पुढील उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पात्र रुग्णांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली अंगीकृत रुग्णालयांत विनामूल्य उपचार मिळतात. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी आहे.

दर महिन्याला एकदा आरशासमोर, उजेडात, तोंड उघडून पाहावे. गाल, हिरड्या, जिभेच्या कडा व जिभेखालची जागा न्याहाळावी. घरातील वृद्धांचेही तोंड पाहावे. कारण ते आपले दुखणे सहसा आपणहून सांगत नाहीत.