लेकीचा फ्रॉक आणि आपलं पोलकं



मे महिना सरत आला की गटाच्या बैठकीत एक मागणी हमखास येते. पोरांच्या कपड्यांना हजार-दोन हजार पाहिजेत. गट कर्ज देतो, बचत त्यासाठीच आहे. पण शेकडा 2 रुपये महिना व्याजाने पैसे उचलून आणलेला फ्रॉक दिवाळीपर्यंत तोकडा होतो आणि हप्ते मात्र चालूच राहतात. त्याच घरात पेटीत चार-पाच सुती साड्या घडी घालून पडलेल्या असतात. शाळेच्या गणवेशाचं वेगळं, तो ठरलेलाच घ्यावा लागतो. मी बोलतेय ते घरी घालायच्या आणि गावाला जायच्या कपड्यांबद्दल.

साडीला कात्री लावण्याआधी ती उन्हात धरून बघा. बसून बसून मधला भाग विरलेला असतो, खालचा काठ घासलेला असतो. निऱ्यांचा भाग मात्र बहुतेक वेळा धड निघतो. वरचा काठ कमरेत खोचलेला राहतो, म्हणून तोही चांगला असतो. फ्रॉकला खाली तोच घ्या. दोन्ही हातांनी कापड ताणून बघा, चरचरलं तर ते गोधडीसाठी ठेवा.

आणखी एक गोष्ट, ही मात्र कानात साठवून ठेवा. लहान मुलांसाठी नायलॉन, पॉलिस्टरची साडी कापू नका. चुलीजवळ पोरं वावरतात, आणि हे कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. ओळखायचं कसं? चार धागे काढून चिमट्यात धरा, दगडावर पेटवा. सुताची कागदासारखी राख होते. दुसऱ्याचा कडक मणी होतो.

आता फ्रॉक. माप घ्यायला पोरीला उभं करायची गरज नाही. तिला नीट बसणारा जुना फ्रॉक वर्तमानपत्रावर पसरा, कडेने पेन्सिल फिरवा. गळ्याला अर्धा इंच पुरे, बाजूंना मात्र पुरी 1 इंच माया सोडा. खालचा घेर कमरेच्या दुप्पट घ्या. कमर 22 इंच असेल तर 44. चुण्या घालून वरच्या भागाला जोडायचा.

काठ खाली आला की दुमडायला जागा उरत नाही, मग उंची वाढवायची कशी? काठाच्या वरच्या बाजूला 1 इंच खोल आडवी चुणी घाला. दिसायला नक्षीच वाटते. पुढच्या वर्षी ती उसवली की फ्रॉक 2 इंच खाली येतो. उसवल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते, ती धुऊन जात नाही. तिच्यावर उरलेल्या काठाची पट्टी लावा.

मशीन नसेल तर अडून राहू नका. बारीक सुई घ्या, धावदोरा घाला आणि दर तीन-चार टाक्यांनंतर एक टाका मागे घ्या. जुन्या कापडावर दोरा फार आवळायचा नाही, टाक्याशीच फाटतं.

पोरं काय म्हणतील, हेही बोललं पाहिजे. पाच वर्षांची पोर काठ बघूनच नाचते. बारा-तेराची मुलगी तशी नसते. मैत्रिणी हसतील याची तिला धास्ती असते, आणि ती खोटी नसते. तिच्यावर लादू नका. कुठली साडी, कसा गळा, बाही किती, हे तिलाच ठरवू द्या. आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलीने आजीच्या लुगड्याला हात लावू दिला नव्हता. कुर्त्याचा नमुना तिने स्वतः कागदावर काढला, मग तेच लुगडं तिने मागून घेतलं.

आणि आता आपलं. मुलांचं सगळं होतं, आपलं पोलकं मात्र सेफ्टी पिनेवर दिवस काढतं. काखेत काचतं, हात वर होत नाही, तरी आपण तसंच खुरपायला जातो. ते उलटं करून बघा. बऱ्याच पोलक्यांना बाजूला आत माया सोडलेली असते. दोन्ही बाजूंची शिवण अर्धा अर्धा इंच बाहेर सरकवली की छातीला 2 इंच मोकळं होतं. बाहीची शिवणही तेवढीच सरकवायची, नाहीतर दंडाला आवळतं. आधी नवी टीप घाला, मगच जुनी उसवा.

माया नसेल तर काखेपासून खालपर्यंत दोन बोटं रुंदीची पट्टी जोडा, बाहीतही तशीच. रंग थोडा वेगळा असला तरी हाताखाली झाकतो. कोण बघायला येतंय? जावेची नजर गेली तर तिलाही शिकवा.

येत्या बैठकीला प्रत्येकीने एक तंग झालेलं पोलकं, सुईदोरा आणि घरातली कात्री आणा. हप्ते गोळा झाले की तिथेच उसवायला बसू.